लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ड्रम

खड्ड्यात पडल्यावर मी पहिलं जे वाक्य ऐकलं ते माझ्याबद्दल नव्हतं, ड्रमबद्दल होतं.

"परवापर्यंत इथं ड्रम उभा होता. कोण्या हरामखोरानं उचलून नेला," शेजारचे काका कुणाला तरी सांगत होते. काका एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले, पहाटे फिरायला निघायचे. त्यांनीच मला पडताना पाहिलं. माझा डावा पाय मोटरसायकलच्या खाली होता आणि नडगी जिथं वाकायला नको तिथं वाकली होती. हेल्मेटमध्ये माझाच श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्या दुखण्यातही ड्रमचं ते वाक्य कानात शिरलं. कारण पंधरा दिवसांपूर्वी असाच एक ड्रम मी स्वतः उचलून आणला होता. इथला नाही, दुसऱ्या रस्त्यावरचा. त्या घटकेला तो माझ्या दारात पाण्यानं भरून उभा होता.

ते साल दुष्काळाचं, आणि दुष्काळाचंही पहिलं नव्हे. आम्ही बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसर म्हणतात त्या वस्तीत राहत होतो. शहर तिकडं वेड्यासारखं वाढत होतं. माळावर आधी चुन्याचे फराटे दिसायचे, मग पत्र्याच्या खोल्या, मग तीन मजली इमारती, आणि इमारतींची नावं 'सरोवर' नाहीतर 'सागर'. नळ मात्र कुठंच नव्हते. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. तो घरात पाणी देत नसे. प्रत्येकानं आपल्या दारासमोर रस्त्यावर ड्रम मांडून ठेवायचे, टँकरवाला त्यात पाइप सोडणार आणि पुढं जाणार. त्यामुळे कोण किती शिकलाय, कुठं नोकरीला आहे, याला काही किंमत उरली नव्हती. ज्याच्या दारात तीन ड्रम, त्याच्या घरची फरशी पुसलेली असायची, एवढंच खरं.

आमचे दोन होते, निळे, प्लास्टिकचे. एप्रिलच्या उन्हात त्यातला एक बुडापासून तडकला. मी बाजारभर हिंडलो. ड्रम संपले होते. दुकानदार माझ्याकडे असं बघायचे, जणू मी दिवाळी झाल्यावर आकाशकंदील मागतोय. तो आठवडा आम्ही एका ड्रमावर काढला. बायकोनं सहा वर्षांच्या मुलीचे केस कापून टाकले, धुवायला पाणी कमी लागावं म्हणून. मुलगी दोन दिवस आरशासमोर रडत होती.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होतो. गेज लावायचं, माप बघायचं, केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला काढायचा. अशा धंद्यात माणूस खवचट होतो. घरी मी भाकरीसुद्धा गोल आहे का ते बघतो असं बायको म्हणायची. ती गंगापूरकडची, शेतकऱ्याघरची. माझे वडील कचेरीत कारकून. दुसऱ्याच्या चुका काढण्याची सवय मला तिकडून वारशातच आली असावी.

तर त्या आठवड्यात पहिली पाळी सुटल्यावर मी लिंक रोडनं घरी येत होतो. वाटेत एक मोरी रुंद करायला अर्धा रस्ता खोदून ठेवला होता. काम बंद पडून बरेच दिवस झाले असावेत, कारण चरातल्या मातीवर गवताच्या वाळक्या काड्या होत्या. चराच्या दोन टोकांना दोन ड्रम उभे होते, लोखंडी, लाल-पांढरे पट्टे मारलेले. अलीकडच्या ड्रमाचा वरचा पत्रा कापलेला होता आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून आत चार दगड टाकलेले होते. मी गाडी थांबवून बोटानं वाजवून पाहिला. कुठं भोक नाही, तळाला गंज नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत माल पास होता.

रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली पंक्चर काढणाऱ्या एका चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, टायरांची रास आणि ट्यूब बुडवून बघायचं घमेलं. घमेल्यातलं पाणी आठवडाभर तेच असावं, शाईसारखं काळं झालेलं. चाचा सिल्लोडकडचे. मी त्यांच्याकडे ड्रम बांधायला जुनी ट्यूब मागितली. त्यांनी माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "क्या साब, काम हो गया क्या इधर का?"

"हो, झालं," मी म्हणालो.

एवढं एकच खोटं मी बोललो. तेही विचार करून नाही, तोंडातून निघून गेलं. चाचांनी ट्यूब दिली, वर ड्रम सीटवर आडवा धरून बांधायला मदत केली, गाठ स्वतः मारली. निघताना माझ्या मनाला टोचलं. मग मी ड्रमातले ते चार दगड, त्याच्या जागी, चराच्या काठावर ओळीनं मांडून ठेवले. मनाला सांगितलं, ड्रम काय आणि दगड काय, खूण ती खूणच. शिवाय पलीकडचा ड्रम आहेच की.

घरी सांगितलं, कंपनीत भंगारात निघाला, साहेबांनी मला दिला. बायको खूश झाली. तिनं ड्रमात पाचट जाळून तो आतून तापवला, राखेनं आणि सोड्यानं घासला. "लई मजबूत हाय. आपल्याला पुरून उरंल," म्हणाली. जाळीच्या दाराला लावून उरलेला हिरवा रंग माझ्याकडे होता. तो मी पट्ट्यांवरून दोन हात मारला आणि वर पांढऱ्यानं घराचा नंबर टाकला. रंगाआधी प्राइमर मारायला हवा होता, तो मारला नाही. दुसऱ्याच्या मालात केसाचा फरक काढणारा मी, घाईत होतो.

आणि पंधरा दिवसांनी मी पडलो. आमच्या गल्लीतून बायपासला निघणारा रस्ता पाण्याच्या पाइपसाठी आडवा खोदला होता. पाणी कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं, चर मात्र येऊन बसला होता. आदल्या संध्याकाळी गळका टँकर तिथून गेला होता आणि चर पाण्यानं भरला होता. पहाटेच्या अर्धवट उजेडात मला ते पाणी दिसलं. दुष्काळात रस्त्यावर पाणी दिसलं की माणूस खड्डा बघत नाही, पाणी बघतो. एवढं पाणी वाया घालवलं म्हणून मी मनातल्या मनात टँकरवाल्याला शिवी दिली, आणि पुढचं चाक त्या पाण्यात गेलं ते वर आलंच नाही.

काकांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पायात रॉड घातला. भूल उतरताना मी काहीतरी बडबडत होतो असं बायको सांगते. काय ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

घरी आणल्यावर माझी खाट पुढच्या खोलीत टाकली. तिथून दार दिसायचं आणि दारात तो ड्रम. दिवसभर दुसरं बघायला काही नव्हतं. बाहेर कुठंतरी बोअर घेणारं यंत्र घरघरायचं, तेव्हा खाट थरथरायची आणि पायातला रॉडही थरथरतोय असं वाटायचं. नवीन इमारतीचा पाया खणला जात होता, धूळ घरात यायची. टँकर मागं घेताना पीं पीं वाजायचा, तो आवाज आला की माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. टँकर मला काही करणार नव्हता. मी घरात होतो, तो रस्त्यावर होता. तरी मी चादर मुठीत धरायचो.

आणि बायको शिव्या घालायची. रोज. माझं अंग पुसायला ती त्या हिरव्या ड्रमातून बादली भरून आणायची, पंचा पिळायची आणि गल्लीतला ड्रम चोरणाऱ्याचा उद्धार करायची. "ज्यानं कुणी ड्रम नेला, त्याच्या घरात पाणी ठरायचं नाय. माझ्या माणसाचा पाय मोडला, त्याच्या घरातलं बी कुणीतरी असंच पडंल, तवा कळंल मुडद्याला." ओला पंचा माझ्या छातीवरून फिरत असायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो. तिला वाटायचं मला दुखतंय. मुलगी शेजारी बसून ऐकायची. एकदा तिनं मला विचारलं, "पप्पा, ड्रम नेणाऱ्याला पोलीस पकडतील का?" मी तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, माहीत नाही.

अमावस्येला संध्याकाळी बायकोनं माझी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवताना ती पुटपुटत होती, आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची, वाटंवरच्या भुताखेताची. आणि शेवटी तिनं आपल्या मनानं एक जोडलं, "अन् त्या ड्रमचोराची." मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका कुणालाच लागला नाही. "बघा, केवढी लागली हुती," ती म्हणाली. एरवी मी तिची यावरून थट्टा केली असती. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण स्वतःच्या घराला स्वतःच्या बायकोच्या तोंडून शाप लागतोय आणि मी तो ऐकत पडलोय, ही गोष्ट मला सहन होईना. तरी मी बोललो नाही.

मी पेपर वाचायला लागलो. आतल्या पानावर अपघातांचा एक रकाना असायचा. दुचाकी घसरून एक जखमी, खड्डा चुकवताना एक ठार. मी त्यात लिंक रोड शोधायचो. सापडला नाही की बरं वाटायचं, पण दुपारपर्यंतच. मग वाटायचं, सगळेच थोडे पेपरात येतात? माझं कुठं आलं होतं? बायको म्हणायची, कशाला ती मरणं वाचत बसता. चोराच्या मनात चांदणं असतं, हे तिला कसं सांगणार.

पाळीतला एक सोबती भेटायला आला. गावाकडची मोसंबी घेऊन आला होता, लिंबाएवढी, कारण पाण्याविना झाडं जळत चालली होती आणि होतं ते फळ त्यांनी तोडून घेतलं होतं. त्याच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाची बदली, कुणाचं भांडण. मग रस्त्यांवर आला. "तुझं तर काहीच नाही," म्हणाला, "लिंक रोडच्या मोरीवर एक जोडपं पडलं. महिना-दीड महिना झाला असंल. बाई मागं बसलेली. तिला लई लागलं म्हणतात."

"जगली का?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. तू कशाला डोक्याला ताप घेतो? मोसंबी खा."

त्या दिवसापासून माझ्यासमोर एकच गोष्ट उरली. ती बाई मेली की जगली, आणि ती माझ्यामुळे पडली की कसं. मी बोटांवर दिवस मोजले. मोजणी कधी माझ्या बाजूनं यायची, कधी विरुद्ध. सोबत्याला नेमकी तारीख माहीत नव्हती. तिथं जाऊन चाचांना विचारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तिथं जायचं म्हणजे मोटरसायकलवर बसायचं.

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता हळूहळू गाडी चालवायला हरकत नाही. मी म्हणालो, दुखतंय. पुढच्या खेपेला पुन्हा म्हणालो, दुखतंय. खरं सांगायचं तर पाय दुखत नव्हता. मला भीती वाटत होती. पण चाळिशीला आलेल्या माणसानं भीती वाटते असं सांगायची आपल्याकडे सोय नाही. लंगडा म्हटलेलं चालतं, भित्रा म्हटलेलं चालत नाही. काकांनी गाडी गॅरेजातून दुरुस्त करून आणली, दारात लावली. बायको ती रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. एके सकाळी कुणी नाही बघून मी स्टँडवरच ती चालू केली. इंजिनचा आवाज झाला आणि मला समोरच्या कोरड्या फरशीवर पाणी दिसलं, ते चरातलं, काळं. मी चावी फिरवून गाडी बंद केली आणि पायरीवर बसून राहिलो.

कंपनीची बस आमच्या बाजूला येत नव्हती. रजा संपत आली होती. आणि पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. आषाढ कोरडा गेला. ढग यायचे, साताऱ्याच्या डोंगरावर थांबायचे आणि कुठंतरी निघून जायचे. टँकर आता दहा-दहा दिवसांनी यायला लागला.

ड्रमावरचा हिरवा रंग उन्हानं फुगायला लागला होता. आधी काठाला पापुद्रे सुटले, मग मध्ये. एके सकाळी बायको पाणी काढताना थांबली. तिनं नखानं एक पापुद्रा ओढला. खाली तळहाताएवढा लाल रंग दिसला, त्याला लागून पांढरा. तिनं अजून एक ओढला. मी खाटेवर उठून बसलो होतो. ती वळली नाही, ड्रमाकडंच बघत म्हणाली, "हे काय हाय वो?"

मी सगळं सांगितलं. मोरी, ट्यूब, चाचांचा प्रश्न, माझं उत्तर, चार दगड, सोबत्यानं सांगितलेली बाई. सांगताना मला वाटत होतं की ती ओरडेल, आणि ती ओरडली तर बरं होईल. ती ओरडली नाही. तांब्या हातात तसाच धरून तिनं विचारलं, "म्हंजी मी दोन महिने आपल्याच घराला शाप देत हुते?"

मी मान हलवली.

"अन् तुमी ऐकत हुता. पोरगी मांडीशी बसलेली असायची, तरी ऐकत हुता." तिनं तांब्या खाली ठेवला. "मी म्हणले त्याच्या घरातलं कुणीतरी असंच पडंल. आपल्या घरात कोण हाय? एक ती हाय अन् एक मी हाय. कुणाच्या नावानं ऐकून घेत हुता तुमी?"

तिच्या त्या प्रश्नाइतकी भीती मला खड्ड्यातही वाटली नव्हती. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मुलीला मात्र तिनं अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं ड्रम रिकामा करायला घेतला. पाणी हंड्यात, बादल्यांत, कुकरमध्ये, परातीत, शेवटी मुलीच्या शाळेच्या बाटलीतही भरलं. तळाशी चार-दोन तांबे राहिले ते काही निघेनात. मग तिनं ड्रम गाडीपाशी ढकलत आणला. "बांधा. जिथला तिथं ठिवून या. अन् तिचं काय झालं ते इचारून या. न इचारता येऊ नका."

चाचांची ती ट्यूब मी जपून ठेवली होती. बायकोनं ड्रम धरला, मी गाठ मारली. गाडीवर बसताना डावा पाय उचलेचना. पाय बरा होता, तरी उचलेना. बायको शेजारी उभी राहून बघत होती. ती नसती तर मी परत घरात गेलो असतो, हे मी आज सरळ कबूल करतो.

मी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गेलो. बायपासला ट्रक बाजूनं जायचे तेव्हा ड्रम वाऱ्यानं हलायचा, आतलं उरलेलं पाणी डचमळायचं आणि मला वाटायचं, गेलो आता. मी दोनदा कडेला थांबलो. एकदा उलटी झाली. मागून येणारे हॉर्न मारत, शिव्या घालत पुढं जात होते. रस्त्यावरची प्रत्येक काळी चकती मला खोल वाटत होती, अगदी डांबराचं ठिगळसुद्धा. पैठण रोड ओलांडून लिंक रोडला लागलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

मोरी तशीच होती. काम झालं नव्हतं. पलीकडचा ड्रमही नाहीसा झाला होता. माझे चार दगडही नव्हते. त्यांच्या जागी ट्रकचं एक मोठं टायर उभं रोवलं होतं आणि त्याला चुन्याचे पट्टे ओढले होते.

चाचांनी मला लांबूनच ओळखलं. त्यांनी आधी ड्रमाकडे पाहिलं, मग ट्यूबकडे. "मेरीच ट्यूब है," म्हणाले.

"चाचा, मी तेव्हा खोटं बोललो. काम झालं नव्हतं."

"मालूम है. काम होता तो गड्ढा भरता ना." ते लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले. राग दिसत नव्हता, थकवा दिसत होता. "तुम बोले हो गया, मैं बी बेफिकीर हो गया. गाठ तो मैंनेच मारी थी."

मी त्यांना बाईबद्दल विचारलं. कुठल्या दिवशी पडली, तेही विचारलं.

"उसीच दिन. शाम को." ते माझ्याकडे न बघता सांगत होते. "अंधेरा पडने लगा था. ड्रम होता तो दूर से दिखता. तुम्हारे पत्थर नीचे थे, दिखेच नहीं. गाडी पत्थर पे चढी. मर्द इधर गिरा, बाई उडके अंदर."

म्हणजे नुसता ड्रम नव्हे. मी खूण म्हणून मांडलेल्या दगडांवरूनच ती गाडी उडाली होती. माझ्या दोन महिन्यांच्या हिशोबात ही शक्यता एकदाही आली नव्हती. मी खाली बसलो.

"जिवंत होती?"

"उठके बैठी. हाथ ऐसा मुड गया था." चाचांनी आपला उजवा हात कोपरापासून बाहेर वाकवून दाखवला. "पानी मांगी. मेरे पास पीने का आधा डब्बा था, पिलाया. मैं बोला घाटी को ले जाओ, बडा दवाखाना है. मर्द बोला नक्को, गाव में हाड बिठानेवाला है. जीप रोका और गंगापूर तरफ चले गए. बाद का मालूम नहीं." मग टायरकडे बोट करून म्हणाले, "उसके बाद मैंने पत्थर फेके और टायर गाडा. रोज चूना लगाता हूं."

आम्ही दोघांनी मिळून ड्रम चराच्या काठावर उभा केला. मी आत दगड टाकायला लागलो तेव्हा चाचांनी माझा हात धरला. "ऐसा रखे तो परसों तक फिर कोई ले जाएगा. तुम्हारे जैसा." ते दुकानात गेले आणि छिन्नी-हातोडी घेऊन आले. आयुष्यभर भोकं बुजवत आलेला तो माणूस मला म्हणाला, "छेद मारो. छेदवाला ड्रम कोई नहीं ले जाता."

ड्रम आडवा करून मी बुडाला छिन्नी लावली. तसल्या सालात चांगल्या ड्रमाला भोक पाडायचं म्हणजे काय, ते ज्यानं टँकरची वाट पाहिली त्यालाच कळेल. पहिले दोन घाव नुसते निसटले. तिसऱ्या घावाला पत्रा फाटला आणि तळाशी राहिलेलं पाणी धुळीत गळायला लागलं. मी चार भोकं पाडली. पाणी जमिनीत जिरेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो.

घरी आलो तेव्हा बायको दारात होती. ड्रमाच्या जागी फरशीवर गंजाचं गोल वर्तुळ उरलं होतं. तिनं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जित्ती हाय का?"

"उठून बसली होती. पाणी मागितलं. उजवा हात कोपरात मोडला होता. गंगापूरकडं नेली, हाडवैद्याकडं. पुढचं त्यांना माहीत नाही."

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडलो. मुलगी आम्हाला बघून घाबरली, तिला वाटलं मी पुन्हा पडलो.

ती बातमी दिलासा होती की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. उठून बसलेली माणसंही नंतर जातात. आतून लागलेलं दिसत नाही. तो मार तिच्या हातावर थांबला का, तिचा हात सरळ बसला का, कुणाला विचारणार? गंगापूर तालुक्यात खेडी काय कमी आहेत?

मी पुढच्या आठवड्यात कामावर रुजू झालो. गाडी चालवतो, अजूनही चालवतो, पण ती भीती गेली नाही आणि आता ती जावी असंही मला वाटत नाही. तो रस्ता नंतर रुंद झाला. आमच्याकडे नळाचे पाइप आले, त्यांत पाणीही येतं, कधीतरी. मुलीचे केस कमरेपर्यंत वाढले. त्या प्रकारानंतर बायकोनं कुणालाही शिवी दिलेली मी ऐकली नाही. टँकरवाल्यालासुद्धा नाही.

माहेरी जायचं असलं की ती एसटीनं जात नाही. वडापच्या जीपमधून जाते, दाटीवाटीनं, बायकांच्या मध्ये बसून. मी पहिल्यांदा विचारलं, एवढे हाल कशाला करून घेतेस? ती म्हणाली, जीपमधी बाया वरची दांडी धरतात, हात समोर दिसतो. बाजारच्या दिवशी ती फाट्यावर थांबून बायांच्या उजव्या कोपरांकडे बघते. भावजयांना वाटतं हिला बांगड्या आवडतात.

परवाच जाऊन आली. मी दार उघडलं. तिनं चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि पाण्याचा तांब्या घेण्याआधी, मी काही विचारण्याआधी, मान हलवून म्हणाली, "नाय दिसली."